उत्तरेकडच्या खोलीचा आकडा

साल दोन हजार दोन. सोफियाच्या पश्चिम टोकाला ल्युलिन नावाची वस्ती आहे. तिथल्या एका आठमजली इमारतीत त्या ऑक्टोबरात घरोघरच्या खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरांना नव्या कळा बसवायचं काम निघालं. तोवर शहराच्या भट्टीचं उकळतं पाणी पाइपांमधून यायचं आणि सगळ्यांना सारखंच भाजायचं नाहीतर सारखंच गारठवायचं. जास्त झालं तर लोक खिडकी उघडत, कमी पडलं तर कोट चढवून जेवायला बसत, आणि दोन्ही वेळा सरकारला शिव्या देत. आता म्हणे ज्याची त्याची ऊब ज्याच्या त्याच्या हातात येणार होती, तीही खोलीगणिक. चौथ्या मजल्यावर नेवेना स्तोइलोवा एकटीच राहायची. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी स्पेनमध्ये संत्र्यांच्या बागांत कामाला होती आणि मुलगा प्लोवदिवला. मापं घ्यायला आलेला प्लामेन नावाचा फिटर चाळिशीतला, पोट सुटलेला, बोलका माणूस होता. त्याने स्वयंपाकघर पाहिलं, दिवाणखाना पाहिला, मुलांची खोली पाहिली, आणि शेवटी उत्तरेकडच्या लहान खोलीच्या दारात उभं राहून कागदावर पेन्सिल टेकवत विचारलं, "मावशी, या खोलीत कोण राहतं?"

"सासूबाई," नेवेना म्हणाली.

त्याने तसं लिहूनही घेतलं. मग खिशातून एक पांढरी गोल मूठ काढून तिला दाखवली. तिच्यावर एकापासून पाचापर्यंत आकडे होते आणि एकाच्या आधी एक बारीकशी चांदणी. "त्यांना विचारून ठेवा, किती हवं ते. म्हाताऱ्या माणसांना चार लागतं. खोली रिकामी असती तर चांदणीवर टाकली असती. पाणी गोठू नये एवढीच ऊब राहते त्यात. सगळे तेच करताहेत, पोरं गेली परदेशी, खोल्या चांदणीवर. आजीबाई दिसत नाहीत कुठे?"

"बाहेर गेल्यात."

"या थंडीत? धडधाकट आहेत म्हणायच्या," प्लामेन कौतुकाने म्हणाला आणि गुरुवारी येतो असं सांगून पाचव्या मजल्यावर गेला.

नेवेना दार लावून तिथेच उभी राहिली. वेलिका, तिची सासू, जाऊन साडेसतरा वर्षं झाली होती. असं कसं तोंडातून गेलं, म्हणून तिने जिभेला दोष देऊन पाहिला. वय बासष्ट, म्हणजे काही इतकं नाही. तिने आयुष्यभर शर्टांच्या कारखान्यात कापड बेतलं होतं. एका वेळी साठ थर कापड पसरून त्यावर खडूची रेघ मारायची, आणि ती रेघ बोटभर चुकली तर साठ शर्ट वाया जायचे. ती बोलण्यात चुकणारी बाई नव्हती. तिने लहान खोलीत जाऊन पाहिलं. कपाटावर ओळीने ठेवलेली बिहीची फळं पिवळी होऊन वास सोडू लागली होती. गच्चीतल्या जिरॅनियमच्या कुंड्या थंडीसाठी आत आणून खिडकीत मांडलेल्या होत्या. लोखंडी पलंगावर वेलिकाने विणलेली पट्ट्यापट्ट्यांची चादर. आणि रेडिएटर, घरातला सगळ्यात तापलेला. सतरा हिवाळे इथे कुणी झोपलं नव्हतं, आणि सतरा हिवाळे त्यात पाणी सोडणारा पितळी कॉक पूर्ण उघडा होता. रोसित्सा स्पेनहून आली की म्हणायची, आई, ही खोली म्हणजे नुसता हमामखाना आहे, कुणासाठी तापवतेस? नेवेना म्हणायची, झाडांसाठी. झाडांना इतकी ऊब मानवत नव्हती. दर वर्षी दोन तरी कुंड्या मरायच्या, आणि ती नव्या आणायची.

पंच्याऐंशीचा तो हिवाळा ज्यांनी काढला ते आजही त्याबद्दल आवाज खाली करून बोलतात. वीज तीन तास असायची, तीन तास नसायची. लिफ्टमध्ये अडकू नये म्हणून माणसं घड्याळ बघून घराबाहेर पडायची. रेडिएटरला हात लावला की तो आजारी माणसाच्या कपाळासारखा कोमट लागायचा. रोसित्सा दहा वर्षांची होती, ल्युबेन सात. ल्युबेनची छाती रात्रंदिवस घरघरायची. आदल्याच शरदात हरालाम्पीने, तिच्या नवऱ्याने, पोलादाच्या कारखान्यातून जेवणाच्या डब्यात लपवून एकेक करत चार पितळी कॉक आणले होते आणि चारही रेडिएटरांना बसवले होते. नियमात बसत नव्हतं, पण तेव्हा नियमात बसणारं काहीच चालत नव्हतं. "साधी गोष्ट आहे," तो म्हणाला होता, "एकीकडे अडवलं की दुसरीकडे जास्त जातं. पाण्याला कुठेतरी जायचंच असतं." जानेवारीतल्या एका रविवारी सासूबाई झोपल्या होत्या. नेवेना लहान खोलीत गेली आणि कॉकचा एक फेरा बंद केला. बुधवारी आणखी एक. तिने कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर वेलिका हो म्हणाली असती, आणि ते हो तिला ऐकायचं नव्हतं. थंडी ओसरली की उघडू, आठवड्याभराचा तर प्रश्न आहे, असं तिने मनाशी म्हटलं. मुलांची खोली खरोखर थोडी गरम वाटली होती. ल्युबेनची छाती मोकळी झाली होती. म्हणजे, तसं तिला वाटलं होतं.

वेलिका कधी काही बोलली नाही. ती डोक्याला सुती रुमाल बांधून, दोन लोकरी अंगरखे घालून, खोलीच्या कोपऱ्यातल्या उभ्या पाइपाशी स्टूल ओढून बसायची आणि दोन्ही हात त्याच्याभोवती धरायची, जशी माणसं चहाचा पेला धरतात. त्या पाइपावर दर सकाळी ती कंगव्याने दोनदा ठोकायची. वरच्या त्रेंदाफिलाला तो निरोप असायचा, कॉफी ठेव, येते. वरूनही दोन ठोके यायचे. इमारतीत तेव्हा फोन मोजकेच होते आणि पाइप सगळ्यांना होते. फेब्रुवारीच्या मध्याला ठोके बंद झाले. ताप, छाती, मग रुग्णवाहिका, तीही लिफ्ट चालू व्हावी म्हणून खाली दोन तास विजेची वाट बघणारी. महिनाअखेरीस वेलिका गेली. शहाहत्तर वर्षांची होती. सगळे म्हणाले, वय झालं होतं, हिवाळा वाईट होता. दफनाहून परतल्यावर, अंगावरचा काळा कोटही न काढता, नेवेना लहान खोलीत गेली आणि तिने कॉक उघडायला घेतला. एक फेरा, दोन फेरे. तिथे तो थांबायला हवा होता. तो फिरतच राहिला. तीन, चार, पाच.

तिथपासून ते तीन फेरे तिच्या आयुष्यात होते. माणसाचं मन अशा गोष्टीभोवती कसं घर बांधतं ते बाहेरून दिसत नाही. तिने दोनच बंद केले होते. ती साठ थरांचं कापड कापणारी बाई होती, दोनाचे पाच तिच्याकडून होणार नाहीत. मग बाकीचे तीन कोणाचे? हरालाम्पीचे? तो कधीकधी मुलांच्या खोकल्याने झोपेतून उठायचा. ती त्याच्याकडे जेवताना बघायची, भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवणारा त्याचा हात बघायची, आणि विचार करायची, हा हात स्वतःच्या आईचा कॉक बंद करील? पण विचारायचं म्हटलं तर आधी स्वतःचे दोन सांगावे लागले असते. तेरा वर्षं तिने विचारलं नाही. शेवटी इस्पितळात तो तिचा हात धरून पडलेला असताना, आत्ताच, असं तिला वाटलं होतं, आणि तिने विचारलं ते असं की पाणी हवं का. तो गेल्यावर उरला तो दुसराच संशय, जो रात्री नाही, भर दुपारी, भाजी निवडताना यायचा: की पाचही तिचेच होते, आणि मनाने दोन लक्षात ठेवून तीन विसरून टाकले होते. स्वतःच्या हातावर विश्वास नसणं काय असतं ते तिला तेव्हा कळलं.

गुरुवारी प्लामेन पेटी घेऊन आला. पाणी बंद केलेलं होतं, इमारतभर रिकाम्या पाइपांची गुरगुर चालली होती. एकेक करत त्याने तीन खोल्या उरकल्या आणि लहान खोलीत गुडघे टेकले.

"आजीबाई आजही बाहेरच?"

"त्या वारल्या," नेवेना म्हणाली.

पान्हा त्याच्या हातात तसाच राहिला. "अरेरे! परवा तर..."

"पंच्याऐंशी साली."

प्लामेनने तिच्याकडे बघितलं, मग पलंगाकडे, मग तिकडे होकाराला हलवतात तशी हळूच मान आडवी हलवून हो हो म्हटलं, जसं आजारी माणसाला म्हणतात. "देव त्यांना क्षमा करो," तो म्हणाला. "माझी आईही अजून बाबांसाठी ताट वाढते. मग ही चांदणीवर टाकू का?"

"थांबा जरा." ती पलंगाच्या काठावर बसली. त्याने जुना कॉक फिरवून काढायला घेतला. पितळ करकरलं आणि गंजाचं काळं पाणी त्याच्या डबड्यात टपटपलं. "हे कुणी बसवलं होतं? काम चोख आहे."

"माझ्या नवऱ्याने. त्या हिवाळ्यात. इथलं अडवलं की मुलांच्या खोलीत जास्त जाईल म्हणून."

प्लामेन हसला. वाईट हसणं नव्हतं ते, धंद्यातला माणूस हसतो तसं. "नाही हो मावशी. सगळ्यांचा हाच घोटाळा. या इमारतीत प्रत्येक खोलीचा उभा पाइप वेगळा, तळघरापासून गच्चीपर्यंत. या खोलीचा हा, मुलांच्या खोलीचा तो पलीकडे. इथलं अडवलं तर ऊब मुलांकडे कशाला जाईल? ती जाणार वर. वरच्या बाईकडे." त्याने पान्ह्याने छताकडे बोट दाखवलं. "दहा घरांत हेच ऐकलंय. लोक आजीची खोली बंद करतात आणि शेजाऱ्याला शेकतात."

नेवेनाने छताकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं, दिव्याची वायर आणि एक जुना ओलीचा डाग. मुलांची खोली गरम वाटली होती ना? तिने हात लावून पाहिला होता ना? तिने तो हात आत्ता मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. वेलिकाच्या खोलीतून दोन फेरे गेले, की पाच, ते मुलांच्या वाट्याला आलेच नव्हते. ल्युबेनची छाती आपल्या आपण मोकळी झाली होती. ज्याच्यासाठी केलं ते घडलंच नव्हतं, आणि जे घडलं ते तेवढं राहिलं होतं.

"किती ठेवू, मावशी?" प्लामेनने विचारलं. त्याला आणखी चार घरं करायची होती.

"तीन," ती म्हणाली, काहीतरी म्हणायचं म्हणून. काढलेला कॉक तिने मागून घेतला आणि एप्रनच्या खिशात टाकला.

त्याच आठवड्यातला शनिवार मृतांचा शनिवार होता, गेलेल्यांच्या नावाने अन्न वाटायचा दिवस. नेवेनाने दर वर्षीप्रमाणे गहू उकडले, फडक्यावर सुकवले, त्यात साखर आणि कुटलेले अक्रोड मिसळले, आणि वाट्या भरून जिन्यातल्या शेजाऱ्यांना वाटायला निघाली. त्रेंदाफिलाची वाटी ती नेहमी दारातच द्यायची. सतरा वर्षं त्या दोघी जिन्यात एकमेकींना भेटल्या की हवेबद्दल बोलायच्या आणि एकमेकींच्या खांद्यापलीकडे बघायच्या. नेवेनाला वाटायचं, ही सासूबाईंची जिवाभावाची मैत्रीण, हिला कळलं असणार. कॉफी पिताना वेलिका काय काय बोलली असेल! आणि आज तर छताकडे दाखवलेला तो पान्हा डोळ्यांपुढून जात नव्हता. तिने घंटी वाजवली. "ये गं, उघडंच आहे," आतून आवाज आला, "बूट काढू नकोस, फरशी म्हणजे बर्फ झालीय." अठ्ठ्याहत्तर वर्षांची त्रेंदाफिला शाल पांघरून उत्तरेकडच्या खोलीत बसली होती. सिगारेट विझवत ती म्हणाली, "मी आपलं चांदणीवर टाकलं. खालून तू तापवतेसच ना. सगळा मजला तेच करतोय. तो बोयाजिएव, आपला इमारतीचा कारभारी, म्हणतो आजी, सगळ्यांनीच चांदणीवर टाकलं तर शेकणार कुणावर? मी म्हटलं, नेवेनावर. ती साधी आहे." हसता हसता तिला खोकला आला. वाटी घेऊन ती म्हणाली, "देव त्यांना क्षमा करो," आणि पहिला चमचा तोंडात घातला.

नेवेना उभीच राहिली. "त्रेंदाफिला, त्या हिवाळ्यात तुझी ही खोली गरम होती?"

चमचा वाटीत राहिला. म्हातारीने कुठला हिवाळा असं विचारलं नाही. तिने तोंडातला अक्रोडाचा तुकडा गिळला. "होती," ती म्हणाली. "सगळी इमारत कोट घालून झोपत होती, आणि मी मोजे काढून. मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावून आले, मला वाटलं देवाने माझ्याकडे बघितलं. बस ना. बस. उभ्याने नाही सांगता यायचं मला."

नेवेना बसली.

"जानेवारीच्या शेवटी वेलिका कॉफीला आली. इथे, या रेडिएटराला पाठ लावून बसली. मी विचारलं, गार का गं इतकी तुझी बोटं? तर म्हणाली, 'सून लाजते आहे. मी झोपले असं बघून येते आणि एक फेरा बंद करते. रविवारी एक, बुधवारी एक. मी डोळे मिटून पडते. अशाने तर वसंत उजाडेल, म्हटलं, पोर किती दिवस चोरासारखी येणार? उरलेले मीच फिरवून टाकले. मुलं गरम राहू देत.' मग म्हणाली, 'तिला सांगू नकोस. तिला वाटू दे की तिने दोनच केले.'"

रेडिएटर गार होता आणि खोलीत बिहीचा नाही, जुन्या सिगारेटचा वास होता. नेवेनाने एप्रनच्या खिशात हात घालून कॉक धरला. तिला रडू येत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे एवढंच येत होतं, की लोखंडी पलंगावर एक बाई डोळे मिटून पडली आहे आणि दुसरी बाई श्वास धरून वाकली आहे, आणि दोघी एकमेकींना उठवू नये म्हणून किती जपताहेत.

"आणि तू?" ती म्हणाली. "तुला पाइपाचं माहीत होतं?"

"फिटर सांगेपर्यंत कुणाला माहीत असतं? पण मी काय मूर्ख आहे? तिने सांगितलं त्याच आठवड्यात माझी खोली तापली. दोन आणि दोन जोडायला शाळा लागत नाही." त्रेंदाफिलाने शाल गळ्याशी ओढली. "खाली येऊन सांगायचं होतं. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगू. पण गरम होतं गं. तुला काय सांगू, इतकं गरम होतं. नंतर तू जिन्यात माझ्याकडे बघायची नाहीस. मला वाटलं, तुला ठाऊक झालंय."

"मला वाटलं तुला ठाऊक आहे."

"होतंच," त्रेंदाफिला म्हणाली. "खा. एकटीने गहू खायचे नसतात." तिने वाटी पुढे केली, आणि दोघींनी एकाच चमच्याने, आळीपाळीने, ती संपवली.

त्या हिवाळ्यात बोयाजिएव म्हणाला तसंच झालं. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या उबेवर भरवसा ठेवून आपल्या खोल्या चांदणीवर टाकल्या, आणि जानेवारीत भिंतींना आतून पाणी सुटलं. जिन्यात भांडणं झाली, बैठका झाल्या, शेवटी लोक हळूहळू आकडे वाढवू लागले. नेवेनाचा आकडा तीनवरच होता. दर सकाळी पाइपावर दोन ठोके पडायचे, आणि नेवेना कॉफी घेऊन वर जायची.

प्लामेन पुढे दोन वर्षांनी बायकोसकट इटलीला गेला. तिथे तो म्हणे उबेची नाही, गारव्याची यंत्रं बसवतो. बोयाजिएवने कारभार सोडला आणि गावी मधमाश्या पाळल्या. रोसित्सा स्पेनमध्येच राहिली. तिला आता थंडी आठवतही नाही. त्रेंदाफिला दोन हजार नऊच्या डिसेंबरात गेली. ठोके आले नाहीत म्हणून नेवेनाच किल्ली घेऊन वर गेली होती. म्हातारीने मोजे काढून ठेवले होते, आणि कळ पाचवर होती. दोन हजार अकरात ल्युबेन बायको सिल्विया आणि तान्ह्या मुलीला घेऊन आईकडे राहायला आला. नेवेनाने स्वतः झोपायची तो दिवाणखाना त्यांना दिला, मुलांची खोली नातीला, आणि स्वतः पट्ट्यापट्ट्यांच्या चादरीसकट उत्तरेकडच्या खोलीत गेली. कॉक तिने खिडकीत, जिरॅनियमच्या कुंड्यांमध्ये ठेवला होता.

दोन हजार चौदाच्या जानेवारीत एके दुपारी ती डोळे मिटून पडली होती. दार हळूच उघडलं. मोज्यांतल्या पावलांचा आवाज, एक धरलेला श्वास, रेडिएटराच्या कळीची बारीक टिकटिक, आणि दार पुन्हा लागलं. नेवेनाने डोळे उघडून पाहिलं. तीनवरची कळ दोनवर आली होती.  ती उठून बसली, शाल घेतली नाही, आणि मोठ्याने हाक मारली, "सिल्विया! सिल्विया, इकडे ये. मला गार लागतंय."

सिल्विया दारात आली. मानेपर्यंत लाल झाली होती. "आई, मी... बाळ खोकतंय म्हणून. म्हटलं तिच्या खोलीत थोडं जास्त जाईल..."

"तिच्या खोलीचा पाइप वेगळा आहे गं. इथलं वर जातं, वरच्यांकडे. आज संध्याकाळी ल्युबेनला सांगू, तिची कळ बघून घेईल. आणि पुढच्या वेळी मला उठवत जा. मी जागीच असते." नेवेनाने पलंगावर सरकून तिला जागा केली. "आता ते चारवर कर. तीन नको, चार. आणि बस इथे, हात किती गार आहेत तुझे."